मुलाकडे व्हेप सापडलं, वडील विडी ओढतात: एक्स-रे काढू का?

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर सांगता येईल. तुम्ही विट्याजवळ राहता. मुलगा १९ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याच्या बॅगेत पेनड्राइव्हसारखं दिसणारं, आंब्याच्या वासाचं व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, सापडलं. "आई, ही नुसती वाफ असते, यात तंबाखू नसतो" असं तो म्हणतो. मिस्टर बारा वर्षं परराज्यात गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानात होते, आता शेती बघतात. बावीस-तेवीस वर्षं विडी ओढतात आणि रोज सकाळी त्यांना खोकल्याची उबळ येते. व्हेपवरून त्यांनी पोरावर हात उगारला, तेव्हापासून घरात अबोला आहे. मुलाचा छातीचा एक्स-रे काढावा का आणि फुफ्फुस साफ करायचं काही औषध मिळतं का, हे तुम्हाला हवंय.

मी सांगली-मिरज भागात छातीच्या विकारांची डॉक्टर आहे, वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम करते. सरळ उत्तर असं: मुलाला काही त्रास होत नसेल तर एक्स-रेची घाई नको. फुफ्फुस साफ करणारं औषध नाही. आणि तुमच्या प्रश्नात ज्या माणसाबद्दल जेमतेम दोन वाक्यं आहेत, त्या मिस्टरांची तपासणी सगळ्यात आधी करून घ्या. मुलाचा प्रश्न लहान आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचा प्रश्न आज फुफ्फुसापेक्षा निकोटीनच्या तलफेचा आहे, आणि तलफ कुठल्याच फोटोत दिसत नाही.

मी मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे बऱ्याच गोष्टी त्याच्या उत्तरांवर अवलंबून राहतील. किती दिवसांपासून ओढतो? रोज, की मित्र भेटले तरच? सकाळी उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात लागतं का? आधी सिगारेट ओढत होता का? लहानपणी बालदमा होता का? आणि त्या नळीत निकोटीन आहे, की गांजाचं तेल? शेवटचा प्रश्न आईने विचारला तर बहुधा खोटं उत्तर येईल. डॉक्टरांना एकट्यात विचारू द्या. मी अशा मुलांना आई-वडिलांशिवाय दहा मिनिटं आत बसवते, आणि खरी माहिती त्या दहा मिनिटांतच कळते.

काही लक्षणं मात्र अशी आहेत की त्यांच्यासाठी या उत्तराची वाट बघू नका. बेडक्यातून रक्त, बसल्या जागी धाप, व्हेप ओढणाऱ्याला ताप-खोकल्याबरोबर दम लागणं, कारण नसताना वजन उतरणं: यातलं काहीही असेल तर लगेच दवाखाना गाठा. उंच, सडपातळ, धूम्रपान करणाऱ्या तरुण मुलांमध्ये अचानक एका बाजूला छातीत कळ येऊन दम लागला तर फुफ्फुसाला छिद्र पडून बाहेर हवा साठलेली असू शकते. भरतीची बरीच मुलं याच अंगकाठीची असतात. "स्नायू आखडला असेल" म्हणून रात्र काढू नये. आणि कुणालाही दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणी करायचीच. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

आता एक्स-रेकडे वळते, कारण रोजच्या ओपीडीत सर्वात जास्त गैरसमज याच एका फिल्मबद्दल असतो.

एक्स-रे म्हणजे सावली. न्यूमोनिया, क्षयाचा डाग, पाणी, बाहेर साठलेली हवा, बऱ्यापैकी वाढलेली गाठ हे त्यात दिसतं. धुराने पहिला मार बसतो तो बारीक श्वासनळ्यांना, दोन मिलिमीटरपेक्षाही अरुंद असलेल्या. त्यांची सूज सावलीत उमटत नाही. श्वासनळ्यांच्या टोकाला हवेचे बारीक फुगे असतात, वायुकोश, ते कोट्यवधी आहेत. सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी घराएवढी जागा भरेल. एवढा साठा शिलकीत असतो म्हणून थोडं गेलेलं कळतच नाही. शिवाय फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही, दुखतं ते बाहेरचं आवरण. दात किडला की माणूस रात्री दोनला उठून बसतो. फुफ्फुस वर्षानुवर्षं झिजत राहतं आणि तक्रार करत नाही.

तक्रार करू लागतं तेव्हाही माणूस ती ऐकत नाही, तो फक्त आपल्या सवयी बदलतो. बांधावरून चालत मळ्यात जाणारा मोटारसायकलने जाऊ लागतो. पोतं दुसऱ्याला उचलायला सांगतो. देवळाच्या पायऱ्या टाळतो आणि खालूनच हात जोडतो. विचारलं तर म्हणतो, "दम लागत नाही हो, आता वय झालं." वय असतं अठ्ठेचाळीस. म्हणून मी "दम लागतो का?" असं विचारणंच सोडून दिलंय. "पाच वर्षांपूर्वी जी कामं करत होता त्यातलं आता कुठलं करत नाही?" असं विचारते. मिस्टरांना आज रात्री जेवताना हाच प्रश्न विचारून बघा.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका विडी ओढणाऱ्या गृहस्थांना "एक्स-रे नॉर्मल आहे" असं सांगितलं. ते खूश झाले. मी खिडकीतून पाहिलं, फाटकाबाहेर जाऊन त्यांनी पहिलं काम केलं ते विडी पेटवायचं. मीच त्यांना परवाना दिल्यासारखं झालं होतं. तेव्हापासून विडी-सिगारेट ओढणाऱ्याला मी "नॉर्मल" हा शब्द सांगत नाही. "या फोटोत डाग नाही, पण श्वासनळ्यांची अवस्था हा फोटो दाखवत नाही" असं सांगते. तुमच्या मुलाचा एक्स-रे काढला तर जवळपास नक्कीच स्वच्छ येईल, आणि तो कागद तो तुम्हालाच दाखवेल: बघ, काही झालं नाही. घाई नको म्हणते ती यासाठी.

श्वासनळ्यांची अवस्था कळते ती फुंकायच्या टेस्टने. डॉक्टर तिला स्पायरोमेट्री किंवा पीएफटी म्हणतात. छातीभर श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, जोरात सोडायचा आणि निदान सहा सेकंद सोडतच राहायचं. सुई नाही, दुखणं नाही. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते हा यातला कळीचा आकडा. पंचविशीच्या आसपास तो सर्वात जास्त असतो, मग न ओढणाऱ्या माणसाचा दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने उतरतो. धूर ज्यांना बाधतो त्यांचा ६० ने, कधी त्याहून जास्त. वीस वर्षांचा हिशोब करा: एकाचे ६०० मिलिलिटर गेले, दुसऱ्याचे १२००. आणि गेलेलं परत येत नाही.

पण उतरण्याचा वेग बदलता येतो. अमेरिका-कॅनडात ११ वर्षं पाठपुरावा केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांनी सिगारेट सोडली आणि सोडलेलीच ठेवली त्यांची घसरण वर्षाला ३० मिलिलिटरच्या आसपास आली, ओढत राहिलेल्यांची ६० च्या आसपास राहिली. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्याच सवयींचा ५० वर्षं अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००४ साली आले. सिगारेट ओढत राहणाऱ्याचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी होतं. तिशीत सोडली तर ती जवळपास सगळी वाचतात, चाळिशीत सोडली तर ९, पन्नाशीत ६, साठीतही ३. मिस्टर "आता सोडून काय उपयोग" म्हणाले तर हे आकडे त्यांच्यासमोर ठेवा.

ते असंही म्हणतील की आमच्या आज्याने नव्वदीपर्यंत ओढली, काही झालं नाही. खरं असेल. धूर सगळ्यांना सारखा बाधत नाही. पण कुणाला बाधणार हे आधी सांगता येत नाही, आणि आज्याबरोबरचे जे पन्नाशीतच गेले त्यांची गोष्ट सांगायला घरात कुणी उरत नाही.

मिस्टरांबद्दल मला आणखी एक काळजी आहे, ती गलाईची. खानापूर-आटपाडी भागातली किती माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला गेली आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या कामात नायट्रिक ॲसिड वापरतात, त्याचा तांबूस धूर निघतो. तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचा असतो आणि बारीक श्वासनळ्या भाजतो. कोंदट दुकान, वर पंखा नाही, झोपायलाही तिथेच. अशी बारा वर्षं आणि वर विडी. म्हणून तपासायला न्याल तेव्हा "शेतकरी" एवढंच सांगू नका, गलाईची वर्षं आवर्जून सांगा. घरात चूल असेल तर तीही सांगा, आणि मग तुमचीही टेस्ट करा; आयुष्यात विडीला हात न लावलेल्या, चुलीपुढे तीस वर्षं बसलेल्या कितीतरी बायकांना मी श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराची, सीओपीडीची, औषधं देते.

विडी देशी, पानाची, म्हणून सौम्य असते हा समज आपल्याकडे खोलवर आहे. उलट आहे. विडीत तंबाखू सिगारेटच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा असतो, पण तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही, विडी सारखी विझायला बघते, म्हणून झुरके जोरात आणि भराभर मारावे लागतात. परिणामी निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नाही, बऱ्याचदा जास्तच मिळतं. आणि क्षयरोग: धूम्रपान करणाऱ्याला तो होण्याचा धोका साधारण दुपटीहून जास्त. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला एके काळी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं हे इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. औषधं कितीतरी सुधारली, तरी विडी ओढत औषध घेणारा रुग्ण उशिराच बरा होतो आणि आजार उलटण्याची शक्यताही त्याची जास्त असते.

फुफ्फुस "साफ" करण्याबद्दल. गूळ खाल्ला की छातीतली घाण निघते, हे मी धुळीत काम करणाऱ्यांकडून रोज ऐकते. गूळ चांगला पदार्थ आहे, पण तो अन्ननलिकेतून पोटात जातो, श्वासनळीत नाही. काढे आणि बाटलीतली "लंग डिटॉक्स" औषधं यांचंही तेच. झाडलोट करणारी खरी यंत्रणा तुमच्या शरीरातच आहे: श्वासनळीच्या आतल्या बाजूची अगदी बारीक लव, जी कफ वर ढकलत राहते. धुराने ती लुळी पडते. रात्रभर धूर नसतो तेव्हा ती थोडी सावरते आणि पहाटे साठलेला कफ वर लोटते. मिस्टरांचा सकाळचा खोकला बहुधा यामुळेही असेल, आणि पहिल्या विडीने तो शमतो कारण ती लव पुन्हा लुळी होते. विडी सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि कफ वाढू शकतो. ही लव कामाला लागल्याची खूण आहे. हे आधी माहीत नसल्याने "सोडल्यावरच त्रास सुरू झाला" म्हणून पुन्हा ओढायला लागलेली माणसं मी फार पाहिली आहेत, म्हणून हे वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

आता मुलगा. "नुसती वाफ" म्हणताना तो खोटं बोलत नाही, त्याला तसंच सांगितलं गेलंय; पण ते खरं नाही. चहाच्या पातेल्यावरची वाफ म्हणजे पाणी. व्हेपमधून निघतात ते प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे अतिसूक्ष्म थेंब, त्यात निकोटीन आणि सुवासाची रसायनं. तापणाऱ्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश येतात, आणि द्रव जास्त तापला की फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखे दाहक पदार्थ तयार होतात. आंब्याचा अर्क खाण्यात चालतो याचा अर्थ तो तापवून श्वासात ओढायला चालतो असा नाही. पोटाला पचवायची सोय आहे, फुफ्फुसाला नाही.

आणि यात तंबाखूचं पान नसलं तरी बहुतेक वेळा निकोटीन असतंच. हल्ली ते क्षाराच्या रूपात घालतात, त्यामुळे घशाला ठसका लागत नाही. पहिल्यांदा विडी ओढणारं पोर खोकून खोकून बेजार होतं आणि काही जण तिथेच थांबतात. व्हेपमध्ये तो अडसर काढून टाकलाय. शिवाय विडी संपते, हे संपत नाही. अभ्यास करता करता, पांघरुणात, बाथरूममध्ये, दिवसभर एकेक झुरका चालू. तिसऱ्या महिन्यात मुलगा चिडचिडा झाला, झोप उडाली, लक्ष लागेना, की घरचे म्हणतात भरतीचं टेन्शन आहे. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात निकोटीनची सवय जास्त घट्ट बसते.

तो मोबाइलवरून एक मुद्दा काढेल, की इंग्लंडमध्ये तर सरकारच व्हेप द्यायला सांगतं. त्याला खोडून काढू नका, कारण त्यात तथ्य आहे. जी प्रौढ माणसं आधीच सिगारेटच्या आहारी गेली आहेत त्यांना ती सोडवण्यासाठी तिथली आरोग्यसेवा व्हेपचा पर्याय देते. सिगारेटच्या धुरात ७००० हून जास्त रसायनं आणि त्यात सत्तरच्या आसपास कर्करोगकारक, त्यामानाने व्हेपमध्ये विषारी द्रव्यं कमी. पण ती तुलना सिगारेटशी आहे. तुमच्या मुलाने सिगारेट कधी ओढलीच नसेल तर त्याची तुलना स्वच्छ हवेशी करायला हवी. त्याच इंग्लंडने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली, मुलं त्याच्या मागे लागली हे त्यामागचं एक कारण. आणि सिगारेट घराघरांत पोहोचल्यापासून फुफ्फुसाच्या कर्करोगाची लाट दिसायला काही दशकं गेली होती. व्हेप बाजारात येऊन दोन दशकंच झाली आहेत.

लवकर दिसलेलं नुकसानही आहे. २०१९ साली अमेरिकेत तरुण मुलं न्यूमोनियासारखा आजार घेऊन अतिदक्षता विभागात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्ण नोंदले गेले, त्यात ६८ मृत्यू. बहुतेकांनी गांजाच्या अर्काच्या नळ्या ओढल्या होत्या आणि त्यांत तेल दाट करायला व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. यावरून प्रत्येक व्हेपने असंच होतं असं मी म्हणणार नाही. मला त्यातून एकच गोष्ट घ्यायची आहे: आत काय भरलंय हे ओढणाऱ्याला कळत नाही. भारतात तर २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. म्हणजे इथे मिळणारी प्रत्येक नळी चोरट्या मार्गाने आलेली, कुणीही न तपासलेली. पाकिटावर लिहिलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसात भरती होऊ पाहणाऱ्या मुलाने मित्रांना दोन नळ्या आणून विकणं म्हणजे काय, हे त्याला शांतपणे सांगा. धमकी म्हणून सांगू नका.

त्याला खरं लागेल ते कर्करोगाबद्दल नाही, भरतीच्या १६०० मीटर धावण्याबद्दल. एकोणिसाव्या वर्षी चाळीस वर्षांनंतरचा आजार कुणालाच खरा वाटत नाही, मलाही वाटला नसता. म्हणून मी भरतीच्या मुलांशी मैदानाचीच भाषा बोलते. निकोटीनने बसल्या जागी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच इंजिन तापलेलं. श्वासनळ्यांचा दाह असेल तर शेवटच्या फेरीत, जिथे सेकंद मोजतात, तिथेच छाती घट्ट होते. जोडीला विडी-सिगारेट असेल तर कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो. म्हणून मी मुलांना सांगते: आजची वेळ लिही, तीन आठवडे बंद ठेव, सराव तोच ठेव, पुन्हा वेळ लाव. स्वतःच्या घड्याळावर ती मुलं माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: मुलाला लक्षणं नसतील तर फोटो नको, बोलणं हवं, मिस्टरांना लक्षणं आहेत, त्यांना फुंकायची टेस्ट, बेडका आणि हो, त्यांचा एक्स-रेही हवा. आता सोडायचं कसं.

आधी घरातला अबोला सोडवा. मिस्टर हातात विडी घेऊन मुलाला व्हेप सोडायला सांगतील तर ते त्याला पटणार नाही, आणि त्याचं चूक नसेल. दुसरीकडे, बाप-लेकाचा शत्रू एकच आहे, निकोटीन. दोघांनी एकच तारीख धरली तर काम सोपं होतं हे मी अनेक घरांत पाहिलंय. तारीख येत्या दोन आठवड्यांतली धरा. यात्रा, लग्न, ऊसतोड यांच्या धामधुमीतली नको. विडीची बंडलं, काडेपेट्या, लायटर आदल्या रात्री घराबाहेर. मुलाला व्हेपबद्दल "कुणी दिलं?" हा पहिला प्रश्न नको. "ते नसलं की तुला कसं होतं?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

पहिले दोन-तीन दिवस सर्वात जड असतात. चिडचिड, डोकं जड, भूक, झोपमोड. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तलफेची लाट साधारण पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्यायचं, गोठ्यात चक्कर मारायची, कुणाला तरी फोन लावायचा. मिस्टरांची विडी चहाला बांधलेली असेल तर चहाची जागा बदला. रोज ओट्यावर बसून पीत असतील तर पंधरा दिवस स्वयंपाकघरात, तुमच्यासमोर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हात आपोआप खिशाकडे जातो तो त्या जागेमुळे.

ज्याला उठल्यावर अर्ध्या तासात विडी लागते त्याची सवय शरीरात मुरलेली असते, त्याला नुसत्या निर्धारावर सोडू नये. निकोटीनचं च्युइंगम मिळतं. २ मिलिग्रॅमचं दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ चं डॉक्टरांना विचारून. मात्र ते चघळायचं तंत्र आहे: जिभेला झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गालात धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. तंबाखूचा बार धरणाऱ्यांना हे चटकन जमतं. सुपारीसारखं कराकरा चावलं तर निकोटीन पोटात जाऊन उचक्या आणि मळमळ होते, आणि माणूस म्हणतो औषध मानवलं नाही. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, त्याने ते तोंडात शोषलं जात नाही. "निकोटीन सोडायला निकोटीनच का?" असं विचारतात. कारण निकोटीन सवय लावतं, पण फुफ्फुस जाळतो तो धूर. आधी धूर थांबवायचा, मग निकोटीन हळूहळू उतरवायचं. यापुढची औषधं, बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन, तपासून चिठ्ठीनेच घ्यायची. मुलाचं ठरवताना तो किती ओढतो हे बघून डॉक्टर सांगतील. कधीतरीच ओढत असेल तर त्याला बहुधा कशाचीच गरज लागणार नाही.

एक सावधगिरी आपल्या भागासाठी खास आहे. विडी सोडून माणसं चुना-तंबाखूवर जातात, बायका मशेरीवर. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू घेणारे. फुफ्फुस वाचवून तोंड गमावायचं, असा व्यवहार करू नका.

१८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. तिथे समुपदेशक बोलतात आणि पुढे स्वतःहून फोन करून विचारपूसही करतात. मुलं समोरासमोर बोलत नाहीत ते फोनवर बोलतात. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही समुपदेशन मिळतं. आणि एकदा सुटून पुन्हा लागली तर तो प्रयत्न वाया गेला असं समजू नका. बहुतेकांना एकाहून जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. दुसऱ्या वेळी मी एवढंच विचारते की पहिली विडी कुठे, कुणाबरोबर पेटली, आणि पुढची तयारी त्या जागेसाठी करते.

गावाबद्दल थोडं, कारण मुलाला व्हेप घरात मिळालं नाही, बाहेर मिळालं. ३१ मे ला, तंबाखूविरोधी दिनी, आपण फेरी काढतो, मुलं घोषणा देतात. ते चालू द्या. पण माझ्या अनुभवात मुलांना रोखतं ते वस्तू सहज न मिळणं. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विकणं २००३ च्या कायद्याने बंद आहे. सुटी विडी-सिगारेट विकायला महाराष्ट्राने २०२० साली बंदी केली, कारण पोरांकडे पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटचे असतात. हे नियम टपरीवर पाळले जातात का, ते ग्रामसभेत विचारायचा हक्क तुम्हाला आहे. भरतीच्या अकॅडमीत सरांनी पहिल्या दिवशी "इथे व्हेप, विडी, बार काहीही चालणार नाही" असं सांगितलं आणि स्वतःही पाळलं, तर त्याचा परिणाम माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त होतो. सरांना भेटा. मुलाचं नाव न घेता बोला.

आता या आठवड्याचं काम. मिस्टरांना जवळच्या छातीरोगतज्ज्ञाकडे न्या. टेस्टच्या दिवशी सकाळी विडी नको, आणि जुने रिपोर्ट, इनहेलर काही असेल ते बरोबर घ्या. मुलालाही सोबत न्या, "बाबांना घेऊन जायचंय, चल" म्हणून. वडिलांना नळीत फुंकताना, सहा सेकंद पुरे करताना त्याने बघू दे. ते व्हेप चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नका, त्यात बॅटरी आहे आणि आतला द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर जिवावर बेततं; पिशवीत गुंडाळून उंचावर ठेवा आणि जाताना डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. टेस्टचा कागद हातात आला की पहिल्या सेकंदाचा आकडा आणि त्याची टक्केवारी इथे लिहा, वय आणि उंचीसह. पुढचं त्यावरून सांगते.